थोरल्या घोंगडीचा काठ

चार डोळ्यांचे पिल्लू ठेवावे, बाकीची नदीला द्यावीत, आणि का ते विचारू नये.

पूर्वी अश्मक देशात, पोतन नगरीत विजितसेन नावाचा राजा राज्य करीत असताना, गोदावरीच्या काठाने फिरणाऱ्या मेंढपाळांच्या एका तांड्यात हा नियम पाळला जात असे. त्या काळी बोधिसत्त्व त्याच तांड्यात एका कुत्रीच्या पोटी जन्मला.

त्या कुत्र्यांची कुळी फार जुनी होती. लोक त्यांना बांधराखे म्हणत. राजाच्या शिकारी कुत्र्यांसारखी ती उंच नव्हती आणि वेशीवर भुंकणाऱ्या कुत्र्यांसारखी आडदांडही नव्हती. अंगावर दुहेरी केस असत. आतले लोकरीसारखे मऊ, वरचे राठ, त्यामुळे पाऊस वरच्यावर ओघळून जाई. रंगाला मात्र धरबंध नव्हता. एकाच वेतात राखी, तांबडे, पांढऱ्या पायांचे, पट्टेरी आणि काळे पिल्लू निघे. कुणाचे कान उभे, कुणाचे पडलेले, कुणाचा एक उभा नि एक पडलेला. नुसते पाहून ही सगळी एका रक्ताची आहेत असे कुणी म्हटले नसते. ती कामाला लागली की ओळख पटे.

तांड्याला स्वतःची जमीन नव्हती. दोन्ही बाजूंना जवाचे उभे पीक, मधे दहा हात रुंदीची गवताची पट्टी, आणि त्या पट्टीवर पाचशे मेंढ्या चरायच्या, अशी त्यांची रीत होती. मेंढीला गवत आणि पीक यांतला फरक कळत नाही. तो बांधराख्याला कळे. पिकाच्या कडेने तो सकाळपासून ये-जा करी, दिवसाचे बारा कोस, मान खाली घालून, एक शब्द न भुंकता. एखाद्या मेंढीने तोंड पिकाकडे वळवले की तो तिच्याकडे नुसता पाही. तेवढ्याने भागले नाही तर मधे येऊन उभा राही. तरीही ती हट्टाला पेटली, तर मांडीच्या जाड भागावर दात टेकवी आणि सोडून देई. कातडीवर ओरखडा उमटत नसे. गाभण मेंढीला आणि म्हाताऱ्या मेंढीला तो दात कधीच लावत नसे. त्यांच्या अंगाला खांदा लावून तो हळूच त्यांना कडेपासून मागे सारी. हे त्याला कुणी शिकवत नसे. माणूस फक्त त्याला बांधावर घेऊन जाई, आणि ज्याच्यात ते असे त्याचे पाय आपोआप पिकाच्या कडेला लागत.

असा मुख्य कुत्रा मेला की तांड्यात एक विधी होई. त्याचे केस लोकरीत मिसळून चातीवर एक धागा कातत, आणि ज्याचा त्याच्यावर जीव असे तो माणूस तो धागा थोरल्या घोंगडीच्या काठात सुईने ओवी. पंच ज्या घोंगडीवर बसून निवाडे देत, ती ही घोंगडी. ती फाटली की नवी विणत, पण जुना काठ उसवून नवीला जोडत. त्यामुळे घोंगडी नवी आणि काठ पणज्याच्या पणज्याचा, असे चाले. पंच रोज त्या काठावर बसत. काठ वाचण्याची तसदी मात्र कुणी घेत नसे.

बोधिसत्त्व जन्मला तेव्हा बांधराख्यांच्या कुळीला उतरती कळा लागली होती. राजाच्या एका अधिकाऱ्याला चार डोळ्यांचे कुत्रे फार आवडत. काळे कुळकुळीत अंग, आणि दोन्ही डोळ्यांवर एकेक तांबूस ठिपका, म्हणून चार डोळे. राजदाराशी अशी जोडी बांधली की येणारा-जाणारा थबकून पाही. तांडा दरवर्षी एक जोडी देई आणि त्या बदल्यात राजाचे कुरण वापरी. मग तांड्यातही चार डोळ्यांचीच पिल्ले ठेवू लागले. बाकीची टोपलीत घालून नदीला द्यायची. टोपली न्यायची ती लग्न न झालेल्या मुलींनी, कारण त्यांना पाप लागत नाही असे वडीलधारे म्हणत. वडीलधाऱ्यांनी स्वतः कधी टोपली उचलली नव्हती.

चार डोळ्यांचे कुत्रे दिसायला देखणे निघत. पण ते आपल्याच सावलीवर भुंकत, दुपार झाली की झाडाखाली लोळत, आणि मेंढीला धरले तर रक्त काढल्याशिवाय सोडत नसत. बांधावर मेंढ्या चारणे बंद पडले. वडीलधारे म्हणत, हल्लीच्या मेंढ्याच द्वाड आहेत.

त्या वेताला चार पिल्ले झाली. त्यांतली तीन काळी, चार डोळ्यांची. चौथे राखी रंगाचे, एक कान आधीपासूनच वेगळा दुमडलेला, आणि डोळे दोनच. तोच बोधिसत्त्व.

दहाव्या दिवशी तांड्याचा मुख्य गोणक याने आपल्या नातीला हाक मारली. तिचे नाव नागिला. वय सोळा. आईबाप साथीत गेल्यापासून ती गोणकापाशी वाढली होती.

“टोपली घे गं. उन्हं चढायच्या आत जाऊन ये.”

“आजा, याचं काय चुकलं?”

“विचारायचं नसतं.”

“कुणी सांगितलं, विचारायचं नसतं म्हणून?”

“तेही विचारायचं नसतं,” गोणक म्हणाला, आणि आपल्या उत्तरावर खूश होऊन हसला.

नागिला टोपली घेऊन नदीवर गेली. पिल्लू तिच्या अंगठ्याला तोंड लावून चोखत होते. तिने पाण्याकडे पाहिले, मग उतारावरून पलीकडे गेली. तिकडे सोणा नावाची कुंभारीण एकटी राहत असे. तिची शेळी नुकतीच व्यायली होती.

“मावशी, हे ठेवून घे. मोठं झालं की मी नेईन.”

“आणि तुझ्या आज्याने विचारलं तर?”

“आमच्यात विचारायचं नसतं,” नागिला म्हणाली.

ती रिकामी टोपली घेऊन परतली. खरोखरच कुणी काही विचारले नाही.

बोधिसत्त्व सोणेच्या अंगणात शेळीच्या दुधावर वाढला. तिथे मेंढ्या नव्हत्या. ओल्या मडक्यांच्या रांगा होत्या, आणि मडक्यांवर उड्या मारणारी करडे, कोंबड्या नि एक खोडकर गाढव होते. तीन महिन्यांचा झाला तेव्हा एका सकाळी तो उठला आणि मडक्यांच्या रांगेच्या कडेने चालू लागला. टोकाला गेला, वळला, परत आला. करडू आले की मधे उभा राही. गाढव आले की त्याच्या पायाला खांदा लावी. त्या वर्षी सोणेचे एकही मडके फुटले नाही. शेजारणी विचारत, “याला कुणी शिकवलं गं?” सोणा म्हणे, “मी तर बाई मडकी करते. याचं याला येतं.”

दोन वर्षे गेली. उन्हाळ्याच्या तोंडी तांडा पुन्हा त्याच वाटेने राजाच्या कुरणाकडे निघाला. वाटेत नदीकाठच्या गावाची शिवारे लागत. दोन्हीकडे जव पिवळा झाला होता, कापणी आठ दिवसांवर आली होती, आणि मधून जायला गवताची तेवढी एकच पट्टी होती. गावचा मुख्य बांधावर येऊन उभा राहिला.

“गोणकबाबा, मागल्या साली चार पायली जव खाल्ला तुमच्या मेंढरांनी. औंदा एक कणीस मोडलं, तर पुढल्या वर्षी ही वाट बंद.”

“आमचे कुत्रे चार डोळ्यांचे आहेत,” गोणक म्हणाला.

“मग त्यांना सांगा, दोन तरी उघडे ठेवा म्हणावं.”

मेंढ्या पट्टीवर शिरल्या. बोधिसत्त्वाचे तिघे भाऊ त्यांच्याबरोबर होते. अर्ध्या वाटेत त्यातल्या थोरल्याला एक मेंढी मागे रेंगाळताना दिसली. तो तिच्यावर धावला आणि तिचा पाय फोडला. ती ओरडली. रक्ताच्या वासाने बाकीचे दोघे धावले, मेंढ्या उधळल्या, आणि पाचशेचा कळप पिवळ्या जवाकडे वळला. माणसे काठ्या घेऊन ओरडू लागली. ओरडण्याने मेंढ्या आणखी भ्याल्या.

ते आवाज पलीकडच्या काठावर ऐकू गेले. बोधिसत्त्व मडक्यांच्या कडेने चालत होता. त्याने मान वर केली. मग तो पाण्यात उतरला, पोहून आला, आणि अंग न झाडताच पिकाच्या कडेला लागला.

तो भुंकला नाही. कळपात घुसला नाही. कळपाच्या आणि पिकाच्या मधे जी एक हात जागा उरली होती, तिच्यातून तो पळत गेला, वळला, परत आला. पुढच्या मेंढीने त्याला पाहिले आणि ती थांबली. तिच्या मागची तिच्यावर आदळून थांबली. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. आजवर त्याने मेंढी पाहिली नव्हती, पण त्या चालीत शंभर पिढ्यांची चाल होती. पाहणाऱ्यांना वाटले, कुणी ओल्या दोरीने रेघ मारते आहे.

थोरला भाऊ त्याला आडवा आला. “कोण रे तू? आधी कान तरी सरळ करून ये!”

“कान राहू दे,” बोधिसत्त्व म्हणाला. “ती मेंढी गाभण आहे. तिला सोड.”

“सोडू? मग दात कशाला दिलेत?”

तेव्हा बोधिसत्त्व चालता चालताच ही गाथा म्हणाला:

“दात आहेत म्हणून चावू नये,
पाय आहेत म्हणून पाठी लागू नये;
भ्यालेल्याच्या आणि पिकाच्या मधे
आपण बांध होऊन चालावे.”

आणि त्याने भावावर झडप घातली नाही. गाभण मेंढीला लावतात तसा खांदा त्याने भावाच्या कुशीला लावला आणि त्याला हळूच बाजूला सारले. थोरल्याला मार खायची सवय होती आणि मार द्यायची सवय होती. हे तिसरे काय आहे ते त्याला कळेना. तो खाली बसला. त्याला पाहून बाकीचे दोघेही बसले.

घटकाभरात कळप पट्टीपलीकडे गेला. गावच्या मुख्याने बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कणसे पाहिली. एकही मोडले नव्हते. “हे कुत्रं कुणाचं?” त्याने विचारले. “अशी माझ्या आज्याच्या वेळी असायची म्हणतात.”

“माझं,” नागिला म्हणाली.

सगळ्या तांड्याने तिच्याकडे पाहिले. राखी रंग, दुमडलेला कान. टोपली आठवायला कुणाला वेळ लागला नाही.

त्याच दुपारी करंजाच्या झाडाखाली थोरली घोंगडी अंथरली गेली. गोणक मधे बसला, दोन्हीकडे मिळून पाच म्हातारे. समोर नागिला उभी, आणि तिच्या पायाशी बोधिसत्त्व, अजून ओलाच. बायका नि मुली थोड्या अंतरावर होत्या.

पहिल्यांदा बोलला तो वडुक. तांड्यातला तो सर्वांत म्हातारा आणि सर्वांत लवकर रागावणारा. “पोरीला अक्कल फुटलीय! आम्ही केस काय उन्हात पांढरे केलेत?”

“ते मला कसं ठाऊक असणार, बाबा? विचारायचं नसतं ना.”

मुलींच्या घोळक्यात कुणीतरी खुदकन हसले. गोणकाने हात वर केला.

“नागिले, कुत्रं चांगलं आहे. माझेही डोळे गेलेले नाहीत. पण तीन दिवसांनी राजपुरुष जोडी न्यायला येतो आहे. दोन डोळ्यांचं कुत्रं चार डोळ्यांच्यांना भारी पडतं, हे त्याच्या कानावर गेलं तर आपल्या जोडीची किंमत काय राहिली? कुरण जाईल. पाचशे मेंढरं काय माती खातील? हे पिल्लू दोन वर्षांपूर्वी नदीला जायचं होतं. ते आज जाऊ दे. टोपलीत मावायचं नाही आता. दोरी घे, धोंडा घे.”

“मेंढरं बांधावर चरतील, आजा. आत्ता चरली तशी. राजाचं कुरण मिळण्याआधी आपण काय खात होतो? सगळ्या मुलखाचे बांध आपले होते. कुत्र्यांना बांध राखता येईनासा झाला म्हणून तर आपल्याला कुरण लागतं. आणि कुरणासाठी आपण तसलेच कुत्रे वाढवतो!”

“रीत ती रीत,” वडुक म्हणाला. “पहिल्या पुरुषापासून चालत आली.”

“उठा,” नागिला म्हणाली.

“काय?”

“घोंगडीवरून उठा, बाबा. तुम्ही सगळेच. थोडा वेळ.”

ती इतक्या साधेपणाने म्हणाली की ते उठले. तिने घोंगडीचा काठ दोन्ही हातांत धरला आणि उन्हात पसरला. दरवर्षी उन्हाळ्यात ती घोंगडी झटकून वाळवणे हे तिचेच काम होते. काठाचे धागे तिला बोटांनी पाठ होते.

“हे तेवीस धागे. तेवीस कुत्रे. हा सगळ्यात जुना, तांबडा. हा पांढरा. हे दोन पट्टेरी असणार, दोन रंगांची लोकर एकत्र पिळलीय. हा काळा, मग राखी, मग पुन्हा तांबडा. मोजा तुम्हीच. पहिल्या एकोणीस धाग्यांत काळे पाच, नि त्यांना ठिपके होते की नव्हते कोण जाणे. सलग काळे आहेत ते फक्त शेवटचे चार. त्यातला शेवटचा मीच ओवला, परवाच्या साली. चार कुत्र्यांचं आयुष्य म्हणजे किती वर्षं, आजा? पंचावन्न? साठ? तुमचं वय सत्तर. ही रीत तुमच्यापेक्षा लहान आहे.”

नागिलाने चार काळ्या धाग्यांच्या लगतच्या एका धाग्यावर बोट ठेवले. तो राखी होता. टाके वेडेवाकडे होते, नवशिक्या हाताचे.

“हा कुणी ओवला?”

गोणक त्या धाग्याकडे पाहत राहिला. “भुरी,” तो म्हणाला. “भुरी नाव तिचं.”

“कुणाची होती?”

“माझी.” आणि जणू त्याला कुणी विचारलेच नव्हते अशा आवाजात, “लांडगा आला होता ओढ्यात. मी एवढासा. ती मधे उभी राहिली.”

“तिला डोळे किती होते, आजा?”

गोणकाचा हात भुरीच्या धाग्यावर गेला. त्याला आठवत होते. भुरी मेली त्या वर्षीच त्याच्या बापाने पहिली जोडी पोतनला नेली होती. परतल्यावर तो म्हणाला होता, आजपासून चार डोळ्यांचीच ठेवायची. गोणकाने का म्हणून विचारले होते. बापाने त्याच्या थोबाडीत दिली होती आणि सांगितले होते, विचारायचे नसते. भुरीची दोन राखी पिल्ले त्याच दिवशी नदीला गेली होती.

“तरीही,” वडुक पुटपुटला, “पंचांचा शब्द म्हणजे…”

“मी नेणार नाही,” नागिला म्हणाली. “याला नाही, आणि पुढल्या वेताचंही एक पिल्लू नाही. कुळी ठिपक्यांवरून निवडायची नाही, बांधावर चालवून निवडायची. आणि जे चालणार नाही तेही जगेल, राखणीला नि पोरांशी खेळायला. तुम्हाला नदीला द्यायचंच असेल तर टोपली तिथे आहे. स्वतः उचला.”

मागे उभ्या असलेल्या मुलींनी टोपलीकडे पाहिले. त्यांतली एकही पुढे आली नाही.

गोणकाने दोरी उचलली. तो म्हातारा होता, हट्टी होता, आणि इतक्या लोकांसमोर मागे कसे यायचे ते त्याला कुणी कधी शिकवले नव्हते. तो नदीच्या दिशेने दोन पावले चालला आणि ‘यू यू’ करून कुत्र्याला बोलावले. बोधिसत्त्व उठला. पळून जायला सगळे रान मोकळे होते. तो गेला नाही. गोणकाच्या पुढे दरड होती, कडेची माती भुसभुशीत झाली होती, आणि म्हाताऱ्याचे पाय कापत होते. बोधिसत्त्वाने ते पाहिले. तो गोणकाच्या आणि दरडीच्या मधे आला, त्याच्या गुडघ्याला खांदा लावला, आणि म्हाताऱ्या मेंढीला सारतात तसे हळूच, एकेक पाऊल, त्याला कडेपासून मागे सारत घोंगडीपर्यंत आणून बसवले.

दोरी गोणकाच्या हातातून गळून पडली. त्याने त्या दुमडलेल्या कानावर हात ठेवला.

राजपुरुष आला. तो या वेळी जोडीऐवजी तिन्ही भावांना घेऊन गेला, आणि पुढल्या वर्षापासून तांड्याने जोडी देणे बंद केले. कुरण गेले. तांडा पुन्हा बांधावरून फिरू लागला, आणि मागचा-पुढचा सगळा मुलूख त्याला चरायला मिळाला. बोधिसत्त्व चौदा वर्षे जगला. त्याचा राखी धागा नागिलाने भुरीच्या धाग्यासारखाच ओवला, फक्त टाके सरळ होते.

शास्त्यांनी ही कथा जेतवनात सांगितली. निमित्त असे झाले होते. वासिला नावाची तरुण भिक्खुणी कुंभारवाड्यातून आली होती. तिला सूत्रे सर्वांत चांगली पाठ होती, पण सभेत पठणाला तिला कधी बोलावत नसत. तिने कारण विचारले. तेव्हा स्थविर गिरिदत्त म्हणाले, “असे विचारायचे नसते.” ते शास्त्यांच्या कानावर गेले.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “त्या वेळचा थोरला भाऊ आज माझ्यापाशी शांत बसायला शिकला आहे, तो हा भिक्खू सुदंत. कुंभारीण सोणा ती आजची आपली उपासिका धनिका. नागिला ती ही वासिला. आणि तो राखी कुत्रा मीच होतो. ही मैत्रीची पारमिता. मैत्री चावत नाही, पण कडेवरून हलतही नाही.”

गोणक कोण होता, ते शास्त्यांनी सांगितले नाही. वासिला उठली आणि कुणी बोलावण्याची वाट न पाहता पठणाच्या आसनाकडे चालू लागली. पुढच्या रांगेत स्थविर गिरिदत्त आपल्या चीवराच्या काठाकडे पाहत होते. त्यांनी तिला थांबवले नाही.